आबांची चार-दोन मेंढरं

लिहून ठेवतो मी, मल्हार श्रीधर कोकरे, वय वर्षे सत्तावीस, मूळ राहणार तालुका फलटण, जिल्हा सातारा, सध्या राहणार हॅम्बर्ग, धंदा सायकलदुरुस्ती आणि मिळेल ते, की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, आणि हा कागद कुणाच्या जबरदस्तीने लिहीत नाही. ताईने "आधी मृत्युपत्र, मग नाश्ता" असं सांगून पोहे झाकून ठेवले आहेत. ती जबरदस्ती कायद्यात बसत नसावी.

इथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, टाइप केलेलं चालत नाही. आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात. माझी मालमत्ता दोन्ही देशांत पसरलेली असल्यामुळे मी दोन्ही करतो आहे. खाडाखोड केली तर तिथे तिथे सही करावी लागते असं ताई म्हणते, तेव्हा एकदा लिहिलं ते तसंच राहील, पुढे विचार बदलला तरी.

कलम १. या वयात हे कशाला, याचं कारण.

येत्या नऊ एप्रिलला मी नॉर्वेच्या पार उत्तरेला, काउतोकेइनो नावाच्या गावाकडे निघतो आहे. तिथल्या सामी लोकांत मारेत नावाची बाई आहे, साठीची, रेनडिअरवाली. तिच्या घरच्यांबरोबर कळपामागून, हिवाळ्याच्या रानातून समुद्रापर्यंत जायचं. माद्या गाभण असतात, त्या किनाऱ्याकडे जाऊन वितात. माझं हे तिसरं वर्ष. दुसऱ्या वर्षी मी बर्फ फुटून नदीत पडलो होतो. हे ताईला माहीत आहे. आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, माहीत नाही. आण्णा तीन आठवड्यांपासून ताईकडे आले आहेत आणि आत्ता पलीकडच्या खोलीत आहेत. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं ठरलं आहे, तेव्हा त्यांना कळेलच. आण्णा, कलम पाच येईपर्यंत दम धरा.

कलम २. माझी मालमत्ता कोणती.

मुख्य मालमत्ता मेंढरं. ती मूळची आबांची, माझ्या आजोबांची. आत्माराम कोकरे, वय एकोणऐंशी. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन घाट उतरतात, महाडच्या बाजूला लोकांच्या शेतांत मेंढरं बसवतात, लेंडीखत झालं की पुढचं शेत, आणि पावसाच्या आधी वर येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अंगठा उठवून सगळा कळप मला बक्षीस दिला, कारण नातू मी. मला फोनवर विचारलं तेव्हा मी आगगाडीत होतो, बोगदा आला, मी हो म्हणालो. एवढ्यावर मी मालक झालो.

चालवते मात्र सुकन्या. धाकट्या काकांची मुलगी, वय बावीस. बारावी झाल्यावर "आबा एकटे कसे जातील" म्हणून एक हंगाम गेली, ती अजून परत आलेली नाही. कुठल्या गावात भात कापून झालं, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, हे तिच्या फोनवर असतं. लहान कोकरं टेम्पोत घालून पुढे पाठवायची युक्ती तिची. नेहमीच्या वाटेवर चौपदरी रस्ता आला, मध्ये कठडा, तेव्हा आबांनी एक बिडी संपेपर्यंत त्या कठड्याकडे बघितलं म्हणे, आणि सुकन्याने तोवर खाली उतरून रस्त्याखालून जाणारी ओढ्याची मोरी शोधली. अख्खा कळप मोरीतून पलीकडे.

आता मुद्दा. मला बायको नाही, आई मी अकरा वर्षांचा असताना गेली. मी मेलो तर मेंढरं आण्णांकडे जातील आणि आण्णा ती विकतील. हे ते लपवत नाहीत. परवाच इथे जेवताना म्हणाले,

"आबांना गुडघे आहेत हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात येत नाही. फलटणला दोन खोल्या आहेत, संडास घरात आहे. मेंढरं गेली की म्हातारा बसेल."

"बसतील आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? सगळे बसतात."

आण्णांना मी वाईट ठरवत नाही, इथे तशी नोंद करतो. चौदाव्या वर्षी ते मेंढरांमागून सुटून वसतिगृहात गेले, एसटीत लागले, तीस वर्षं फलटणच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून बसले. दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. गाडी सुटली की वहीत लिहायचं, सुटली, वेळ अमुक. ते एका जागी बसले म्हणून ताई जर्मनीत आखनच्या विद्यापीठात शिकली आणि आता इथे विमानाच्या खुर्च्या बनवते. मीही शिकलो असतो. त्यात त्यांची चूक नाही.

पण आबा बसले तर वर्षभर टिकणार नाहीत, हे मला माहीत आहे, ताईला माहीत आहे, आणि माझ्या मते आण्णांनाही.

कलम ३. मेंढरं किती.

ताई म्हणते मृत्युपत्रात मालमत्तेचं वर्णन नेमकं हवं, आकडा टाक. मी टाकणार नाही. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी सायकलवरून उत्तरेला गेलो होतो. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, रस्ता संपेपर्यंत जाऊ म्हटलं. साखळी तुटली ती मारेतच्या कुंपणापाशी. आत वासरांना खुणा करायचं काम चाललेलं. तिथे प्रत्येक मालकाची कानाला कातरायची ठरलेली खूण असते, वासरू आईमागे पळत असतानाच ओळखून धरायचं. एक पिल्लू माझ्या बाजूने निसटलं आणि मी काही विचार न करता त्याचा मागचा पाय धरला, आबा धरतात तसा, गुडघ्याच्या वर, पीळ न देता. मारेतने माझ्याकडे बघितलं. तिला जर्मन पर्यटकांमुळे कामापुरतं जर्मन येतं. मलाही इथलं आउसबिल्डुंग, म्हणजे कामाचं शिक्षण, करूनसुद्धा कामापुरतंच येतं. ती म्हणाली, "तू कुठल्या कळपातला?"

मी खूश झालो, आणि खुशीत विचारलं, "तुमची एकूण किती?"

 तिचा भाऊ आन्ते दुसरीकडे बघायला लागला. मारेतने माझ्या हातात कॉफीचा पेला दिला आणि म्हणाली, "हे आता विचारलंस. परत विचारू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी धनगराचा पोर. आबांना कुणी शेतकऱ्याने "किती हायती?" विचारलं तर आबा आकाशाकडे बघून "हायती चार-दोन" म्हणतात, मागे मेंढरांनी अख्खं शिवार पांढरं झालेलं असलं तरी. घरच्या चालीतली चूक मी परक्याच्या दारात जाऊन केली. मग मी मारेतला आबांचं उत्तर जर्मनमध्ये सांगितलं, फिअर, त्स्वाय. ती इतकी हसली की आन्तेला भाषांतर करून सांगायलाही तिला वेळ लागला. आता त्या घरात कुणी सरकारी माणूस काही विचारायला आला की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, फिअर, त्स्वाय.

म्हणून मालमत्तेचं वर्णन असं: आबांची चार-दोन मेंढरं, सगळी, डाव्या पुठ्ठ्यावर हिरमंजीचा लाल ठिपका असलेली, दोन कुत्री, बिऱ्हाडाची घोडी, रात्री मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी आणि जी कोकरं अजून जन्मायची आहेत ती.

कलम ४. कुणाला.

वरील सर्व मी माझ्या पश्चात सुकन्या हिला देतो. एकटीला. विकायचं, वाढवायचं, वाट बदलायची, टेम्पो घ्यायचा, सगळा अधिकार तिचा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मारेतची नात आहे, रिस्तेन, सहा वर्षांची, पुढचे दात पडलेली. तिच्या नावाची स्वतःची कानखूण आहे. तिची वासरं वेगळी ओळखली जातात, आणि उद्या लग्न झालं तरी ती तिचीच. मारेतला तिच्या आजीने दिली होती. मी म्हटलं, "वा." तर मारेतने विचारलं,

"तुझ्या आजोबांचा कळप कोण चालवतं?"

"चुलत बहीण."

"मग खूण तिची?"

"नाही, माझी."

"आणि तू कुठे असतोस?"

"हॅम्बर्गला."

ती हसली नाही. आग सारखी करत बसली. मला हसली असती तर बरं वाटलं असतं.

कलम ५. बर्फ फुटला तो प्रसंग, आण्णांसाठी सविस्तर.

मागच्या एप्रिलमध्ये एक नदी ओलांडायची होती. घंटा बांधलेली एक म्हातारी मादी सगळ्यांत पुढे चालते. ती काठावर थांबली, मान खाली घातली, फुरफुरली, पाय टाकेना. मारेत उतरली, काठी दोन-तीन ठिकाणी टोचली, आणि म्हणाली, "आज इथून नाही." बस. अख्खा कळप वळवला. वरच्या अंगाने दीड दिवसाचा जादा फेरा. कुणी हूं की चूं केलं नाही.

मी सगळ्यांत मागे होतो, स्नो-स्कूटरवर, मागे घसरगाडी बांधलेली, त्यात तंबू आणि शेगडी. माझ्या फोनमध्ये आदल्या वर्षीची वाट साठवलेली होती, निळी रेघ, बरोबर त्याच नदीवरून. मला वाटलं, आपण सरळ पलीकडे जाऊ, तंबू ठोकून, कॉफी तयार ठेवू, सगळ्यांना गंमत. आण्णा, तुम्ही म्हणता ना की मी कुणाचं ऐकत नाही. मी फोनचं ऐकलं.

मधोमध पत्रा वाकल्यासारखा आवाज आला. मग छातीपर्यंत पाणी. स्कूटर गेली, गाडी गेली. आन्तेने काठावर पोटावर पडून दोर टाकला, रेनडिअर धरायचा तोच, तिसऱ्यांदा माझ्या खांद्यात बसला. मला ओढून काढलं, कपडे उतरवले, कातड्यांत आणि आबांनी दिलेल्या घोंगडीत गुंडाळलं. घोंगडी मारेतच्या गाडीवर होती म्हणून वाचली. मीही त्यामुळेच.

आता कुणीतरी शिव्या देईल म्हणून मी वाट बघत पडलो. आणि काय बघितलं ते मला नीट लिहायचं आहे. मारेतने एकदा वाऱ्याची दिशा बघितली. दोन गाड्या आडव्या लावून त्यांवर ताडपत्री ओढली. आन्तेने रॉकेलचा रिकामा डबा कापून चूल केली. नदीच्या वरच्या अंगाने जायचा जो बेत तासापूर्वीच ठरला होता तोही सोडला, कारण आता तंबू नाही. बर्चच्या झाडीत आडोशाला दोन दिवस थांबायचं, तिथला बर्फ भुसभुशीत आहे, जनावरं उकरून खातील. कॉफी उकळेपर्यंत नवा बेत जुना झालेला होता. जणू तंबू कधी नव्हताच. मला वाटलं हे मी आधी ऐकलंय. सुकन्याची मोरी.

लोक म्हणतात ही जुनी माणसं, जुनं धरून बसलेली. मी त्यांच्याइतकं पटकन सोडणारं कुणी पाहिलेलं नाही. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून वर काचेसारखा थर बसतो, खालचं शेवाळ जनावरांना मिळत नाही, तर उद्याच्या उद्या दुसऱ्या रानात. स्कूटर चालत नसेल तर पायी, ड्रोन मिळाला तर ड्रोन, ड्रोन थंडीत बंद पडला तर कुत्रं. एकच गोष्ट सोडत नाहीत, ती म्हणजे जनावराकडे बघून ठरवणं. त्या रात्री थांबल्यावर मारेत मला एवढंच म्हणाली, "मागच्या वर्षीची वाट मागच्या वर्षी संपली."

आण्णा, पुढच्या वेळी मी म्हातारीच्या घंटेमागून जाणार आहे. तरी बर्फ तो बर्फ, म्हणून हा कागद.

कलम ६. किरकोळ.

घोंगडी मारेतला. आबांच्याच मेंढरांची लोकर आहे, ती ओळखेल.

तिसऱ्या फेकीचा तो दोर, आन्तेने मलाच देऊन टाकलेला, सुकन्याला. कोकणातल्या ओढ्यांवर लागेल.

गोड्या मसाल्याचा डबा रिस्तेनला. कारण मी पहिल्यांदा नेला तेव्हा तिने त्यातलं न कुटलेलं दगडफूल वेचून काढलं, "हे यांचं खाणं आहे" म्हणाली, आणि एका माणसाळलेल्या रेनडिअरपुढे धरलं. त्याने खाल्लं. आपण जे आमटीत घालतो ते तिथे बर्फाखाली कळपच्या कळप शोधत असतात, हे मी ताईला आजवर तीन वेळा सांगितलं आहे.

सायकल आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला. "जिन्याखाली सायकल ठेवू नये" अशा सतरा चिठ्ठ्या त्याने मला लावल्या, त्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत, सायकलीबरोबर द्याव्यात. आता कुठे ठेवायची ते त्याने ठरवावं.

फोनमधली निळी रेघ मी पुसली आहे. ती कुणाला देत नाही.

माझ्या राखेबद्दल: इथे राख दफनभूमीतच ठेवावी लागते म्हणे, अनमेल्डुंग केल्यासारखी, म्हणजे सरकारदरबारी राहण्याची नोंद, पक्का पत्ता. शक्य झालं तर टाळा. नाही जमलं तर जी वाटेवर असेल ती जागा, वाकडं करून जाऊ नका.

कलम ७. ताई आणि आण्णा.

ताई म्हणाली, "मला तुझं काही नको. तुझी सॅक मिळाली तर आधी धुवावी लागेल." म्हणून इरा श्रीधर कोकरे हिला काही ठेवलेलं नाही, फक्त हा कागद अंमलात आणायचं काम तिचं.

आण्णांनाही काही ठेवलेलं नाही. खूप विचार केला. घोंगडी देणार होतो. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं ताईने वाचलं आहे. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे ज्याला काहीच मिळत नाही तोच साक्षीदार." आणि मला साक्षीदार म्हणून आण्णाच हवे आहेत. मेंढरं विकायची ज्यांची इच्छा, त्यांचीच सही खाली असली तर माझ्या मागे भांडण होणार नाही. आण्णा सही करतील की नाही, मला माहीत नाही. त्यांनी नाही केली तर हा कागद आपल्याकडे चालणार नाही, आणि मी गेलोच तर आबा बसतील. एवढं सरळ आहे.

आता वाचून दाखवतो.

पुरवणी. वाचून झाल्यावर लिहितो.

कलम पाच ऐकताना आण्णा पुढे सरकून बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. इथे आल्यापासून त्यांनी मनगटावरचं घड्याळ फलटणच्या वेळेवरच ठेवलं आहे. आज पहाटे इथली सगळी घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली, तेव्हा ताई म्हणाली, "आण्णा, आतातरी बदला." तर म्हणाले, "तुमचीच हलतात. माझं बरोबर आहे." वाचताना ते त्याच घड्याळाकडे बघत होते.

शेवटी विचारलं, "त्या माणसाने दोर तीन वेळा टाकला?"

"हो."

"दोनदा चुकला?"

"हो, आण्णा."

 मग म्हणाले, "तुझ्या कागदात एक गोष्ट बरोबर नाही."

मला वाटलं झालं, आता गुडघे.

"तुझ्या पश्चात म्हणजे काय? ती पोरगी काय तू मरायची वाट बघत चालणार? उन्हातान्हात ती, आणि मालक सायकलवर? द्यायचंय तर आज दे."

ताई हातातला डाव धरून तशीच उभी. मी म्हटलं, "आण्णा, तुम्हाला तर विकायची होती."

"तुझी होती तोवर विकायचीच होती," आण्णा म्हणाले. "तू कुठे चालवणार होतास? लाव फोन."

सुकन्याला लावला, आवाज मोठा करून. ती म्हणाली, "दादा, पटकन बोल, मेंढरं पाण्यावर हायती." मी सांगितलं. मागे घंटा ऐकू येत होत्या. मग म्हणाली, "मंग यंदा कातरणीला माणसं माझ्या मनानं बोलवू का? त्या दोघांचा हात कच्चा हाय. कातडं कापत्यात."

मी म्हटलं, "तुझी मेंढरं, मला काय विचारतेस?"

आबांनी फोन घेतला. "काय कागुद करताय रं?"

आण्णा म्हणाले, "आबा, मेंढरं सुकन्याच्या नावावर करतोय."

आबा म्हणाले, "मंग ती इतकं दिस कुणाची हुती?"

 आण्णांनी "गुडघ्याला तेल लावता का?" एवढंच विचारलं, आणि आबांनी फोन ठेवला, नेहमीप्रमाणे, न सांगता.

तरी ठरलं असं: आण्णा बारा एप्रिलला परत जातील तेव्हा फलटणला सुकन्याच्या नावाने बक्षीसपत्राची व्यवस्था करतील, मी लागतील ते कागद सही करून त्यांच्या पिशवीत देतो आहे. ते होईपर्यंत कलम चार चालू राहील. ते झालं की कलम चार रद्द, आणि मग मी मेलो तर उरतील फक्त घोंगडी, दोर, मसाला आणि हाउसमाइस्टरच्या चिठ्ठ्या. हे मला फार हलकं वाटतं आहे. घसरगाडीवरून ओझं उतरवल्यासारखं.

पोहे गार झाले आहेत. हे मी माझ्या हाताने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

स्थळ: हॅम्बर्ग
दिनांक: २९ मार्च २०२६, रविवार

(सही) मल्हार श्रीधर कोकरे

साक्षीदार पहिली: (सही) इरा श्रीधर कोकरे. माझ्यासमोर सही केली. राखेचं मी बघेन, पण तू परत ये.

साक्षीदार दुसरा: (सही) श्रीधर आत्माराम कोकरे, निवृत्त वाहतूक नियंत्रक. ऐकून व स्वतः वाचून सही केली आहे. आबांचा कळप सुकन्या कोकरे हिच्याकडे सुटला. वेळ ११.४५. इथली. घड्याळ बदलले.